जीप उंच करायची होती

वेल्डिंगचा जळका वास आला की मला अहेरीचं ते गॅरेज आठवतं. आईचे गुडघे दुखायचे, दवाखान्याच्या वाटेवर नाला, आणि नाल्यातले दगड जीपच्या पोटाला घासायचे. म्हणून मी जीप उंच करायला निघालो होतो. चाकं गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांवर बोट ठेवून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, याहीच्या जागी लाँग आर्म टाका. गाडी उंच होऊनबी धक्के कमी बसतेत." त्याच्या भावाने मान हलवली. "काऊन? लांब आर्म दगडाले अडकतेत, चासीबी कापा लागते. शॉर्टच बरे." मी एकाला हो म्हणायचो आणि दुसऱ्याचं ऐकून पुन्हा नाही. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी मिस्त्रीने चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून जीप नवे आर्म टाकल्यावर होईल तेवढी उंच करून दाखवली. बाकावर बसलेली आई उठून दारापाशी आली, साडी सावरून तिने पाय उचलला आणि तो हवेतच राहिला. "लांब टाका का आखूड टाका," ती म्हणाली, "पण मी चढू कशी, थे सांग ना बापा." कोणते आर्म बरे, ते मला आजही कळलेलं नाही. जीप तशीच बुटकी आहे, आणि नाला आला की आई बसल्या जागी स्वतःचे पाय वर उचलून धरते.