दोन यंत्रांमधली केबल

बारामतीत फळांचा ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळायची. रोज इंदापूरहून एसटीनं जायचे, कंत्राटी होते आणि कायम होण्याची वाट बघत होते. हे आधीच सांगते, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल.

लिलावात व्यापारी मोबाइलवरून डाळिंबाला बोली लावत. त्यांना आतल्या मोकळ्या सर्व्हरकडं पाठवायला एक लोड बॅलन्सर होता, आणि तो बंद पडलाच तर जागा घ्यायला शेजारी दुसरा. पण दुसरा नुसता उभा असून भागत नाही. कोण आत आहे, कुणाचं कुठल्या सर्व्हरशी चाललंय, हे त्याला माहीत नसेल तर तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि पहिल्यापासून आत या म्हणतो. म्हणून मी दोघांच्या मध्ये एक वेगळी केबल टाकली. पहिल्याकडं कुणी जोडलं गेलं की त्याची खबर लगेच दुसऱ्याला. हे जमवायला माझे कितीतरी रविवार गेले.

चेअरमनना, म्हणजे तात्यांना, दाखवायच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं पहिल्या यंत्राचा प्लग उपसला. बोली सुरूच राहिली. एकाही व्यापाऱ्याला पत्ता लागला नाही.

"कुणी केलं हे?" तात्या खूश होऊन म्हणाले.

"मीच की, तात्या," आमचे साहेब म्हणाले.

"आन् ही पोरगी?"

"ही व्हय? ही फोन घेती हितं."

मी तिथंच उभी होते, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. अंगाची नुसती लाहीलाही झाली. पुढं कायमची जागा साहेबांच्या मेव्हण्याला मिळाली आणि मी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी मेव्हण्याला काम समजावत होते. केबलपाशी आले तेवढ्यात साहेब आले. "ह्या दोघांच्या मधी वायर कशाला? दोन्ही चालूच हायेत की," म्हणाले, केबल काढली आणि आपल्या केबिनमधल्या प्रिंटरला लावायला घेऊन गेले. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण फोन घेणाऱ्या बाईला काय कळतंय? गप्प बसले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. उलट त्या संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर उतरून मी चांगली तिखट भेळ खाल्ली.

इंदापुरातच दुसरी नोकरी लागली. तरी रोज सकाळी उठल्यावर मनात एकच यायचं, आज बंद पडेल का?

एका दुपारी पडलं. दुसऱ्या यंत्रानं जागा घेतली, पण त्याला कुणाचीच ओळख नव्हती. ऐन बोलीत सगळे व्यापारी बाहेर फेकले गेले. माल तसाच होता, बोली नव्यानं लावली, शेतकऱ्याचं काही गेलं नाही. नाहीतर मी एवढी खूश झाले नसते. हे सगळं मला साहेबांनीच फोन करून सांगितलं.

"अगं, मी बोलतोय," अशी सुरुवात केली होती त्यांनी.

"मी म्हणजे कोण?"

नाव सांगावं लागलं. हुद्दाही सांगायला लावला.

"तात्या शेजारीच बसल्यात, फोन स्पीकरवर हाय. तवा प्लग काढला तर कायच झालं न्हवतं, मग आज काय झालं, इचारत्यात."

"सांगते की. पण आधी मी कोण, ते त्यांना सांगा."

पलीकडून तात्यांचाच आवाज आला, "कोण हाय ही?"

"हिनंच... हिनंच बसवलं हुतं ते, तात्या."

"मोठ्यानं सांगा, साहेब. इथं नीट ऐकू येत नाही."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

"केबल तुमच्याच केबिनमध्ये आहे," मी म्हटलं. "प्रिंटरच्या मागं. तुम्हीच काढून नेलीत."

तात्या काहीतरी बोलायला लागले होते, आणि आवाज चढत होता. मी ऐकायला थांबले नाही. फोन घ्यायचा आणि ठेवायचा, एवढंच तर माझं काम होतं. मी ठेवला.