तुटलेल्या अंगठ्याची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे पटायचं नाही — माझ्याकडे न सांगितलेली एखादी गोष्ट शिल्लक असू शकते, यावर अख्ख्या धरमपेठेचा विश्वास नाही.

मी बॅले शिकवते. त्याआधी रशियात नाचायचे. तिथं थंडी अशी, की रंगमंचावर रडलं तर अश्रू टणटण वाजत खाली पडायचे आणि वादक त्यावर ताल धरायचे — हे मी नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून सांगते, आणि पोरी पाणी प्यायचं विसरतात. खरं म्हणजे एका लहान शहरातल्या नृत्यमंडळीत मी मागच्या रांगेत होते. जंगलाच्या दृश्यात झाड, लग्नाच्या दृश्यात वऱ्हाड.

अशा थापांनी कुणाचं काय बिघडतं? — मीही असंच म्हणायचे.

सगळ्यात जास्त चालणारी थाप तुटलेल्या अंगठ्याची. पायाचा अंगठा मोडला, बूट रक्तानं भरला, तरी मी तिन्ही अंक नाचले आणि टाळ्यांनी छताचं झुंबर हललं. प्रत्यक्षात नुसतं नख निघालं होतं. मी असं भोकाड पसरलं, की मला उचलून आत नेलं आणि माझ्या जागी दुसरीला उभं केलं.

रेणू माझ्याकडे यायची त्याला आता बरीच वर्षं झाली. गांधीबागेतल्या कापडवाल्यांची मुलगी, जेमतेम दहा वर्षांची, वर्गात सगळ्यात चांगली. अंगठ्यांवर उभं राहण्याचे ते कडक टोकाचे बूट हाडं पक्की झाल्याशिवाय मुलीला द्यायचे नसतात. माझ्या रशियन बाई आधी घोटा हातात धरून दाबून बघायच्या, आणि बहुतेकींना परत पाठवायच्या. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण वार्षिक कार्यक्रम आला होता. पालकांना अंगठ्यांवर नाचणारी मुलगी बघायची होती — आणि मला ती दाखवायची होती.

तालमीत ती जवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, पाय खूप दुखून राहिला."

आणि मी — मी काय केलं? तिला अंगठ्याची गोष्ट सांगितली. झुंबरासकट. तिनं ऐकली, मान हलवली, आणि पुन्हा कधी पायाचं नाव काढलं नाही.

कार्यक्रमात ती सुंदर नाचली. पडद्याआड येऊन खाली बसली, ती उठलीच नाही. पावलातलं हाड चिरलं होतं, आणि ती त्यावर रोज नाचत होती.

दवाखान्यात तिच्या आईनं विचारलं, "मॅडम, हिनं तुम्हाले काहीच नाही सांगितलं का?"

"नाही," मी म्हणाले.

आयुष्यात इतकं थोडकं मी कधी बोलले नसेन. रेणू पलंगावरून माझ्याकडे बघत होती. मॅडम विसरल्या, असं वाटलं असेल तिला? की कळलं? आई तिच्याकडे वळली तेव्हा ती म्हणाली, "हो. नाही सांगितलं." मला काय वाटलं? भिंतीवर पाल होती, ती पाहत राहिले. काही वाटलं नाही. नंतरही नाही. वाटेल म्हणून मी वाट पाहिली.

हाड वाकडं जुळलं. तिचा नाच संपला. माझा क्लास वाढला.

यंदा दिवाळीआधी पोशाखांसाठी जाळीचं कापड घ्यायला त्यांच्या दुकानात गेले. रेणू आता दुकान सांभाळते. थान आणायला ती माडीवर गेली — एका पायावर भार देत, कठडा धरून. आईनं चहा मागवला, बसलेल्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली, आणि मग जिन्याकडे बघत म्हणाली, "काहून नाही बोलली वं तेव्हा? या मॅडमनं त्याच दिवशी थांबवलं असतं तुले."

आवाजावरूनच कळलं, या घरात हे नेहमीचं आहे. जेवताना, थंडीत पाय ठणकला की, एखादं स्थळ परत गेलं की.

रेणू थान घेऊन उतरली. कापड पसरून मोजू लागली.

तेव्हा तरी खरं सांगायचं — नाही का? दुकान भरलेलं, ऐकायला माणसं, आणि बोलायला मी कधी कचरले आहे?

मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या हो ताई. लहान होती. मी काही मनात ठेवलेलं नाही."

आई गिऱ्हाइकांना म्हणाली, मॅडमचं मन मोठं आहे. रेणूनं कापड कापलं, नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं.