देवी येईपर्यंत

बुधवारी दुपारी माझी बायको वारली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. शेजाऱ्यांनी फोन केला. मी घरी पोचलो तेव्हा टीव्ही सुरू होता. दारावर मासे घेऊन येणारी कोळीण जमिनीवर बसली होती. बायकोचा हात तिच्या हातात होता.

मी जवळ गेल्यावर तिने तो हात माझ्या हाती दिला, पण लगेच दिला नाही. तेवढा उशीर मला अजून आठवतो. नंतर डॉक्टर आले, सोसायटीतली माणसं आली, कोणीतरी टीव्ही बंद केला. कोळीण आपली रिकामी पाटी उचलून जिन्यात जाऊन बसली आणि मोठ्याने रडू लागली. मला तसं रडता आलं नाही. मी आत गादीच्या कडेला बसून तिचं रडणं ऐकत होतो, आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्या दुपारी माझी बायको काय बोलली, कशाला हसली, हे या बाईला माहीत आहे आणि मला नाही.

ही कोळीण उरणजवळच्या मोऱ्याची. सकाळच्या एसटीने पनवेलला यायची आणि मार्केटात बसण्याऐवजी लाइन आळीतल्या इमारतींतून दारोदार फिरायची. बुधवार, शुक्रवार आणि रविवार. बायकोच्या हृदयाची झडप बिघडली आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली, तेव्हापासून ती खाली उतरेनाशी झाली. मग कोळीणच दुसऱ्या मजल्यावर चढून यायला लागली. आमचं घर तिचं शेवटचं. आमचे मासे दिले की पाटी रिकामी व्हायची, परतीच्या गाडीला वेळ असायचा. बायको तिला पाणी द्यायची, चहा टाकायची, टीव्ही लावायची. रविवारी मी घरी असे, म्हणून ती थांबत नसे. बुधवारी आणि शुक्रवारी थांबायची.

आमच्या केबलवाल्याने स्वतःचा एक चॅनल चालवला होता. त्यावर दुपारी दक्षिणेतले पिक्चर लागत, हिंदीत बोलायला लावलेले. नटाचं तोंड मिटलं तरी वाक्य चालूच असायचं. गोष्ट साधारण एकच. एक गाव, एक मांत्रिक, त्याच्या हातात कवटी आणि कवटीच्या डोळ्यांत लाल बल्ब. हिरवा धूर. एकटंच घरंगळत जाणारं लिंबू. मिशाळ नायक गुंडांना मारायचा आणि ते भिंगरीसारखे फिरत गवताच्या गंजीत पडायचे. पण मांत्रिकापुढे त्याचं काही चालायचं नाही. शेवटी नायिका देवळाच्या पायरीवर डोकं आपटायची, घंटा आपोआप वाजायला लागायच्या आणि देवी यायची. आठ हात, त्यातले दोनच हलायचे. खाली केबलवाल्याच्या जाहिरातींची पट्टी फिरत असायची, त्यामुळे देवीच्या पावलांवरून कळंबोलीतले वन रूम किचनचे फ्लॅट सरकत जायचे.

हे मला माहीत आहे, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असे. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. दार लोटलेलं असायचं. पण पान उलटत नसे. बाहेर दोघी हसायच्या.

माझ्या बायकोला मी इतकं हसताना पाहिलेलं नव्हतं. लग्नानंतर मी तिच्यासाठी ग्रंथालयातून कादंबऱ्या आणायचो. ती घ्यायची, उशाशी ठेवायची आणि परत द्यायची तेव्हा खूण त्याच पानावर असायची. संध्याकाळी मी वाचून दाखवायला लागलो तर तिला झोप लागायची. मी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. माझी समजूत होती की तिचा स्वभावच शांत आहे, दोन माणसं गप्प बसून सुखात राहतात तसं आमचं चाललं आहे. दाराबाहेरून ते हसू यायला लागलं तेव्हा मला कळलं की गप्प राहणं ती माझ्यासाठी राखून ठेवते.

पिक्चरमध्ये नेहमी एक शिकलेला माणूस असे. डॉक्टर, नाहीतर इन्स्पेक्टर, नाहीतर प्रोफेसर. हे सगळं थोतांड आहे असं तो सांगायचा आणि इंटरव्हलच्या आत मरायचा.

"चष्मा घातला म्हंजे गेला," कोळीण म्हणाली.

"हळू बोल, आमचे हे आत आहेत," बायको म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसत सुटल्या.

मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

मला सर्वांत नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्रिशूळ दोरीवरून येतो हे त्यांना माझ्याआधी दिसायचं. एकदा देवीच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला दिसला, तर देवी ड्यूटी संपवून बसनं घरी जाणार, असं म्हणत त्यांनी सगळा प्रसंग हसण्यात घालवला. आणि तरी देवी पडद्यावर आली की बायको पाय वर घेऊन मांडी घालायची, डोक्यावर पदर ओढायची, हात जोडायची. मी एकदा विचारलं की खोटं आहे हे दिसतं तर हात कसे जोडता. उत्तर कोळणीने दिलं. डोंगरावरच्या आईला पालखी नेताना आमी सगळी वाट एकमेकांची थट्टा करीत चढतो, वर गेलं की रडतो, असं ती म्हणाली. त्यात तिला काही अडचण दिसत नव्हती.

कोळणीची स्वतःची एक रीत होती. मासळीच्या हातांनी देवीला नमस्कार करायचा नाही. घंटा वाजायला लागल्या की ती उठून मोरीत जायची, लिंबाची फोड हातांवर चोळून कोपरापर्यंत धुवायची आणि पदराला पुसत यायची. त्यामुळे देवीचं येणं तिला कधी सुरुवातीपासून मिळालं नाही. बायको बाहेरून हाक मारायची, "आली गं, ये लवकर." मग कोळीण धावत येऊन बसे, आणि मधलं काय चुकलं ते बायको तिला सांगत असे. साडी कुठल्या रंगाची, हातांत काय काय, मांत्रिकाचं तोंड कसं झालं. माझ्याशी दिवसभरात बोलत नसे एवढं ती त्या एका दमात बोलायची.

एका शुक्रवारी मी अर्धी रजा काढली. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून परदेशी भुताच्या पिक्चरची डीव्हीडी आणली होती. मी ती आधी पाहिली होती आणि मला फार आवडली होती. ही आवड आहेच तर चांगलं काही पाहावं, आणि ते मी दाखवावं, असं मला वाटलं. दोघी सरकून बसल्या. मी मध्ये खुर्ची घेतली. त्या पिक्चरमध्ये कवटी नव्हती, धूर नव्हता. एक घर, एक बाई, आणि न दिसणारं काहीतरी. मी अधूनमधून समजावून सांगत होतो. कोणी हसलं नाही. शेवटी बाई खोलीत एकटी उरते, दार हळूहळू मिटतं आणि अक्षरं सुरू होतात.

"संपला?" बायकोने विचारलं.

मी हो म्हटलं. कोळीण थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "देवी कंदी आली?"

मी सांगितलं की यात देवी नाही, हीच तर खुबी आहे. तिने पाटी उचलली आणि त्या दिवशी लवकरची एसटी धरली.

बायकोला रात्री झोप आली नाही. सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "मरायचं काही नाही हो. पण त्या बाईसाठी कोणीच आलं नाही, ते बरं नाही झालं."

आमच्या घरात मरणाचा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता, डॉक्टरांनीही आडून आडून सांगितलं होतं. त्या दोघींमध्ये तो दर बुधवारी, शुक्रवारी हसत हसत घेतला जात होता, हे मला तेव्हा समजलं. पुढे बायकोने त्या पिक्चरची थट्टाच केली. कोणी पाहुणे आले की सांगायची, आमच्या यांच्या पिक्चरात देवी रजेवर होती. पण मी पुन्हा अर्धी रजा काढतो म्हटलं तर म्हणायची, कशाला, तुम्ही जा कामाला. आणि मी जायचो. कळंबोलीच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांचे आवाज ऐकत ग्रंथालयात बसायचो, आणि चहाच्या सुमाराला घड्याळाकडे बघून अंदाज करायचो की आता देवी येत असेल.

ती गेल्यावर तेराव्याचे दिवस होईपर्यंत घरात मासळी नव्हती, तरी कोळीण आली. पाटी न घेता आली, जिन्यात बसली. इमारतीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या. ती त्यांना सांगत होती की बाय कशी हसायची, कशी नक्कल करायची मांत्रिकाची. माझी बायको नक्कल करते हे मला ठाऊक नव्हतं. भेटायला आलेले लोक माझ्याजवळ बसून तिच्या सोशिकपणाबद्दल बोलत होते, आणि माझे कान जिन्याकडे होते.

नंतर मी बुधवारी दुपारीच घरी यायचं ठरवून घेतलं. कोळणीकडून मासे घ्यायचे, म्हणून. खरं तर विचारायचं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती सांगेन कधीतरी म्हणाली. पुढच्या खेपेला बोंबील कसे ताजे आहेत ते सांगत राहिली. एकदा मी टीव्ही लावून ठेवला, तसलाच पिक्चर चालू होता, आणि तिला आत येऊन बस म्हटलं. ती उंबऱ्याशीच थांबली.

"भाऊ, तुमची सकाळ व्हती, सांज व्हती, रात व्हती," ती म्हणाली. "दुपार तेवडी माजी व्हती. ती पण मागता काय?"

मला राग आला. ती माझी बायको होती असं म्हणायचं होतं, पण एका मासेवालीला हे सांगावं लागतं याचीच लाज वाटली. मी टीव्ही बंद केला, पातेलं घेतलं, दार लावलं.

त्या बुधवारचा पिक्चर कोणता होता ते मी केबलवाल्याकडून काढलं. परत लागेल तेव्हा कळव म्हणून सांगून ठेवलं. त्याला वाटलं, सरांनाही नाद लागला. तो लागला त्या दिवशी मी रजा घेतली आणि पिक्चर शेवटपर्यंत पाहिला, तिच्याच जागेवर बसून. ती कुठे हसली असेल ते शोधत होतो. एक नागीण होती, एक पडकं देऊळ होतं. शेवटी देवी आली. मी पाहिलं आणि उठलो. त्या दुपारचं काहीतरी आता माझ्याकडेही होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही.

पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा ती सुकी मासळी घेऊन येते. तशी एकदा आली असताना तिने आपणहून सांगितलं. तिला दम लागला होता, मी पाणी दिलं होतं, ती उंबऱ्यावर टेकली होती.

ती म्हणाली की त्या दिवशी बाय फार बोलली नव्हती. मांत्रिकाला बघून हसली, पण थोडंच. मग घंटा वाजायला लागल्या, म्हणून ही हात धुवायला आत गेली. धुऊन झाले तरी हाक आली नाही. तिला वाटलं, अजून आली नसेल, म्हणून तिने परत लिंबू चोळलं. परत धुतले. तरी हाक नाही. मग बाहेर येऊन बघितलं.

"मी तिथं नव्हतो तवा," ती म्हणाली. "मोरीत व्हतो."

मी इतके महिने जे तिच्याकडे आहे असं धरून चाललो होतो ते तिच्याकडेही नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं की हाकेची वाट बघत उभं राहायला तरी तिला मिळालं. माझ्यासाठी तर हाक नव्हतीच.

मग तिने विचारलं, "पिक्चर अर्धाच ऱ्हायला. देवी आली का, कळलं नाय."

मी तो पाहिला आहे हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने सहज विचारलं. मला ते सांगायचं नव्हतं. तेवढं एकच माझं होतं. पण ती पेला हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"आली," मी म्हटलं.

"तुमी बगितला?"

"बघितला. पुन्हा लागला होता."

"हसायला आलं का?"

मी नाही म्हटलं.

"मग काय बगितलं तुमी," ती म्हणाली, आणि पेला उंबऱ्यावर ठेवून उठली.

अजून ती बुधवारी आणि रविवारी येते. मी दारात पातेलं धरतो आणि ती मासे साफ करून देते, कारण ते मला येत नाही. भाव आणि मासे यांपलीकडे आम्ही बोलत नाही. टीव्ही जागच्या जागी आहे, दुपारी मी तो लावत नाही. माझ्या बायकोच्या दुपारी तिच्याकडे आहेत. माझ्याकडे नाहीत.