अण्णांचं सदर का बंद झालं

माझी नोकरी वाचवणारा माणूस आज पहाटे गेला.

आणि मी त्याला तोंडावर म्हटलं होतं, "अण्णा, तुम्ही आता पाट्या टाकताय."

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

अण्णा म्हणजे आमच्या सांगलीच्या पेपरातले सीनियर उपसंपादक, मूळचे जतचे. दर रविवारी चौथ्या पानावर त्यांचं सदर यायचं. वर फोटो, तोही काळ्याभोर मिशांचा. खरे अण्णा तोवर पूर्ण पांढरे झाले होते.

फोटो बदला म्हटलं की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे की. वाचकाला कशाला म्हातारं करतीस?"

सदरात काय असायचं? जतचा पाण्याचा टँकर, औंधच्या यात्रेत हरवलेली चप्पल, मेंढरं मोजता मोजता झोपलेला त्यांचा मामा. साताऱ्याला माझ्या आईकडे त्या कात्रणांची अख्खी फाइल आहे.

शिवाय ते आमच्या कर्मचारी संघटनेचे सेक्रेटरी होते. हे काम त्यांना मुळीच आवडायचं नाही, पण गळ्यात पडलं होतं.

लॉकडाऊननंतर हेड ऑफिसहून यादी आली. कमी करायची माणसं, सात.

पाचवं नाव माझं. मुलगी दीड वर्षाची होती आणि नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं.

नियम असा, की माणसं कमी करायची तर शेवटी लागलेल्यापासून सुरुवात करायची, आणि त्याआधी सगळ्यांची सेवाज्येष्ठता यादी बोर्डावर लावायची. आमच्या सातांत तर बारा-पंधरा वर्षं झालेले लोक होते. कायम नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर या, असा कागद ऑफिसात फिरला होता. त्यावर आम्ही सही केली नव्हती, एवढाच आमचा गुन्हा.

अण्णा मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तासाभराने बाहेर आले.

"चहा सांगा रं कुणीतरी," एवढंच म्हणाले.

महिनाभरात यादी मागे घेतली गेली. आम्ही ऑफिसात पेढे वाटले.

त्याच महिन्यात अण्णांचं सदर बंद झालं. कागद महागलाय, असं सांगण्यात आलं. आणि अण्णांना बाजारभावावर बसवलं.

म्हणजे रोज सकाळी मार्केट यार्डात जायचं, हळद, बेदाणा, गूळ यांचे दर आणायचे आणि चौकटीत भरायचे.

एवढा लिहिणारा माणूस, आणि हूं की चूं नाही! मला वाटलं, म्हातारे कंटाळले. चिडून मी ते पाट्यांचं बोलले.

"व्हय की," म्हणाले, आणि हळदीचा दर पुन्हा एकदा खात्री करून घ्यायला फोन लावला.

गेल्या महिन्यात मी माधवनगरला त्यांच्या घरी गेले. रिटायर होऊन वर्ष झालेलं, आणि आता अंथरूण धरलेलं. काकू स्वयंपाकघरात सहज बोलून गेल्या.

"सही करा, सदर समद्या आवृत्त्यांत छापतो, म्हणला हुता सायेब. न्हाईतर बंद. ह्यांनी न्हाई केली."

कशावर सही, मी विचारलं.

"तुमच्या सातांच्या यादीवर, युनियनची संमती म्हून. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

नव्हतं हो माहीत.

नोकरीला नियम असतो, युनियन असते. सदराला यातलं काहीच नसतं. अण्णांना हे केबिनमध्ये शिरतानाच ठाऊक असणार.

मी त्यांच्या कॉटपाशी बसून हमसून हमसून रडले.

"आगं, रडतीस कशाला? वीस वर्सं सदर लिवलं. लोकं वाचायची, झकास म्हणायची, आन पेपर घडी करून ठिवायची. भाव छापाय लागलो, तवा पयल्यांदा माझं वाचून कुणीतरी टेम्पो भरला. लय मजा आली बघ."

"खोटं बोलताय अण्णा."

"थोडं," म्हणाले, आणि हसले.

पण थोडंच. मी त्यांना यार्डात बघितलंय. हळदीच्या ढिगाशेजारी हमालांच्या घोळक्यात उभे, सदरा पिवळा झालेला आणि तोंडभर हसू. ऑफिसात ते इतके खूश कधी दिसले नव्हते.

आज दुपारी स्मशानात आम्ही सातही जण होतो. दोघं साताऱ्याहून आले. यार्डातले हमाल होते, अडते होते, जतकडचे शेतकरी होते. साहित्यिक एकही नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि अण्णांनाही वाटलं नसतं.

आता एक शेवटचं.

परवा ऑफिसात पुन्हा यादी आलीय. तीन नावं आहेत, माझं नाही.

सेक्रेटरी आता मी आहे. आणि रविवारचं सदर दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू झालं, तेही माझंच असतं.

सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलंय. काय विचारतील ते मला कळलंय. मी सही करणार नाही. हे इथे लिहिल्याबद्दल ओरडा बसेल, तो बसू दे.

पुढच्या रविवारी चौथ्या पानावर मी दिसले नाही, तर हळहळू नका. सकाळी मार्केट यार्डात या, तिथे चहा चांगला मिळतो.

अण्णा, तुम्ही निघा. इथलं मी बघते.