खांडवा, इटारसीमार्गे

हातातला प्लग बोर्डाजवळ नेऊन तो तसाच धरून ठेवी. समोर दिवे पेटलेले, कानात ग्राहक ओरडतो आहे, पाठीशी सुपरवायझर उभे; आणि हा शांतपणे म्हणणार, "थांबा गा! कोणता रस्ता कोरडा हाय, ते तं पाहू द्या."

नागपूरच्या ट्रंक ऑफिसात तो माझ्या शेजारच्या बोर्डावर बसे. तुमच्यापैकी जे वयाने लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो: तेव्हा परगावचा प्रत्येक फोन आमच्या हातांनी जोडला जाई, आणि एकाच गावाला जाण्याच्या वाटा अनेक असत. खांडव्याला अकोल्यावरून जाता येई, तसेच इटारसीवरूनही. खांबांवरच्या उघड्या तारा त्या. वाटेत पाऊस लागला की नुसती खरखर. म्हणून कोरडी वाट निवडणे हेच ऑपरेटरचे खरे कसब.

गेल्या महिन्यात आम्हां निवृत्तांचा मेळावा झाला. तिथे त्याच्याविषयी जे बोलले गेले, त्यानेच मला हे लिहायला बसवले आहे. एका गृहस्थाने सांगितले, की त्याला दैवी कान होता, खरखर ऐकूनच तो गाव ओळखी. साफ खोटे. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येई. त्या बाजूला मी बसत होतो. प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगावी लागे. दुसऱ्याने सांगितले, की आधी हवामान विचारून मग वाट निवडण्याची युक्ती त्याची. हे मी भर सभेत उभे राहून खोडून काढले. ती युक्ती माझी. तो ती माझ्याकडून शिकला.

मात्र एक गोष्ट मला कधीच उलगडली नाही. मी इटारसीच्या ऑपरेटरला विचारी, "मौसम कैसा है?" उत्तर येई, "बारिश है साहब, लाइन खराब है." लगेच शेजारून याचा आवाज: "क्या भैया, खाना हुआ? भिंडी? फिर भिंडी! भाभी नाराज है क्या?" पलीकडे हसणे. आणि मग याचा प्लग त्याच तारेत, आवाज घंटेसारखा खणखणीत. आकाश तेच आणि तारही तीच. आपली तार चांगली आहे असे जो कबूल करी, त्याच्यावर चहूकडचे काम येऊन आदळे. म्हणून सारेच लपवीत. याच्यापासून तेवढे कोणी लपवीत नसे.

"तुलेच काहून खरं सांगतात रे?" एकदा मला राहवेना.

"तू पोलिसावानी विचारतो ना गा, भाऊ. तुले तं मी बी खोटंच सांगन!"

आणि स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला, की ग्राहकाने फोन ठेवून दिला.

माझ्या पत्नीचे माहेर खांडव्याचे. एकदा तिच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि आमच्याकडे फोन नसल्याने विचारपूस करण्यासाठी ती रामदासपेठेतल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या घरी फोनपाशी जाऊन बसली. जोडणी माझ्याच बोर्डावर आली. मी अकोल्याची वाट घेतली. ऑफिसातल्या मार्गांच्या तक्त्याप्रमाणे तीच योग्य होती, आजही मी तीच योग्य म्हणेन. खरखरीतून तिला एवढेच कळले, की तिकडे कोणीतरी बोलते आहे.

"अहो, काहीच ऐकू येत नाही!"

"दुसरी वाट बघतो. थांब."

"तुमचं राहू द्या. ते शेजारचे आहेत का ड्यूटीवर? त्यांना सांगा ना."

हे तिने एवढ्या मोठ्याने म्हटले, की त्याच्या डाव्या कानालाही ऐकू गेले. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. "बसा आरामात, वहिनी," एवढे म्हणून त्याने इटारसी उघडली. संध्याकाळी घरी पोचलो तर ही प्रसन्न. आई जवळ बसून बोलावी तसे ऐकू आले, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, डबा माझ्या हातात. त्याच्यासाठी. नेला मी तो. त्याने सगळ्यांना दाखवून खाल्ला.

मेळाव्यात माझ्याविषयीही एक वाक्य निघाले: मला त्याचा हेवा वाटे. हे एकच विधान मी खोडले नाही. वाटे, आणि आजही वाटतो. दुरून कौतुक करणे सोपे असते. शेजारी मी बसलो होतो.

नोकरीत असतानाच तो वारला, नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि सारे संपले. मेळाव्यातला एक जण सांगत होता, की इटारसीला ही बातमी आपण कळवली. त्याने कळवली नाही. मी कळवली. त्याच्या बोर्डावर बसण्याचे काम मी मागून घेतले होते; तिथे दुसऱ्या कोणाला मी बसू दिले नसते.

"भैया को दीजिए ज़रा," इटारसीवाला म्हणाला.

मी सांगितले. तार इतकी स्वच्छ होती, की त्याच्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता. "लाइन मोकळी करा," सुपरवायझर मागून म्हणाले. आयुष्यात प्रथमच मी त्यांचे ऐकले नाही.

"आप कौन बोल रहे हैं?" त्याने विचारले.

इतकी वर्षे त्या तारेवर मी रोज बोलत आलो होतो. मी माझे पूर्ण नाव सांगितले, हुद्द्यासकट. पलीकडे ओळख म्हणून उमटली नाही.

"उनके बगल में बैठता था," शेवटी मी म्हणालो.

"अच्छा, अच्छा... आप!" आणि मग पलीकडे त्याने नाक शिंकरले.

त्या 'अच्छा'चा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. मी प्लग काढला. जबलपूरचा दिवा पेटला होता; तिकडूनही 'भैया'चीच चौकशी झाली. या वेळी नाव सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.