वायरमननाना आणि दुसरा पत्ता

वायरमननाना दिवसातून तीनदा चिडायचे आणि तिन्ही वेळा त्यांचं बरोबर असायचं. हीच त्यांची अडचण होती. उगाच चिडणाऱ्या माणसाला लोक हसून सोडून देतात. बरोबर असून चिडणारा माणूस मात्र कोणालाच नको असतो, आणि आमच्या साखर कारखान्यात तर तो मुळीच नको होता.

नाना हंगामी होते. गळीत सुरू व्हायच्या आधी यादीत नाव लागलं की कामावर, गाळप संपलं की घरी. असे आठ हंगाम झाले होते. तारा जोडणं ते भिंगारच्या एका वर्कशॉपात रोजंदारीवर शिकले आणि कॉम्प्युटरच्या केबल आमच्याकडे येऊन स्वतःच शिकले. "मशीन कायम, वायर कायम, तिला हात लावणारा तेवढा हंगामी! ह्यो कुठला न्याय हाय, म्याडम?" असं ते मला विचारायचे, जणू कारखाना मीच काढला होता. मी राहात्याहून एसटीनं येणारी, कॉम्प्युटर विभागातली साधी ऑपरेटर. माझी तरी नोकरी कुठे कायम होती? पण मी पदवीधर म्हणून म्याडम, आणि ते नुसते वायरमन.

चिडले की ते पक्कड फडक्यानं पुसत बसायचे. पुण्याच्या कंपनीचा इंजिनियर आला त्या दिवशी ती पक्कड आरशासारखी झाली होती. भानगड अशी होती: वजनकाट्यावरच्या मशिनांना जुन्या कंपनीनं नेटवर्कवरचे आकडी पत्ते एका मालिकेतले दिले होते आणि ऑफिसातल्या नव्या मशिनांना पुण्याच्या कंपनीनं दुसऱ्याच मालिकेतले. केबल एकच, पण दोघांचं बोलणं बंद. इकडचा निरोप तिकडे पोचवणारा राउटर होता, पण त्याच्या पोर्टाला, म्हणजे केबल खोचायच्या तोंडाला, पत्ता एकच, तोही काट्याच्या मालिकेतला. काट्याचे पत्ते बदलावेत तर काट्याचा प्रोग्राम करणारी कंपनीच बंद पडलेली. इंजिनियर म्हणाला, "दुसरा राउटर घ्या." आमच्या ईडीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या, साहेबांनी मान डोलावली.

नानांनी राउटरबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी नेलं. डिक्शनरी घेऊन ते चार दिवस वाचत होते. पाचव्या दिवशी त्यांनी त्याच पोर्टाला ऑफिसच्या मालिकेतला दुसरा पत्ता देऊन टाकला आणि काटा ऑफिसशी बोलू लागला. मला समजावताना म्हणाले, "एका घरात दोन भाऊ राहत्यात. दार एकच. दारावर दोघांच्या पाट्या लावल्या तर पोस्टमन काय माघारी जातो व्हय?"

मग बजावलंही. "दुसरी पाटी लावताना कमांडच्या शेवटी 'सेकंडरी' लिहायचंच. न्हाई लिहिलं तर राउटरला वाटतं घर बदललं, आन् तो पहिली पाटी उचलून फेकून देतो." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, मला कळतं हो." कळतं! त्या शब्दाचा मला आजही संताप येतो.

कारखान्याच्या त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं की साहेबांनी कल्पकतेनं नव्या राउटरचा खर्च वाचवला. नानांनी तो अहवाल माझ्या टेबलावर आपटला आणि पक्कड पुसायला घेतली. त्यांच्या बाजूनं एवढंच घडलं होतं की कायम करायच्या यादीत त्यांचं नाव पहिल्यांदाच गेलं होतं. माझंही गेलं होतं. त्या यादीवर सही साहेबांची व्हायची होती.

ऐन हंगामात शेतकी विभागाला नवी मशिनं आली, तीही तिसऱ्याच मालिकेची. नाना त्या वेळी ऊस टाकतात त्या गव्हाणीकडे मोटारीच्या कामाला गेले होते. साहेब म्हणाले, "त्या वायरमनची कसली वाट बघता? तुम्ही टाका ना पत्ता." मी ऐटीत टाकला. शेवटचा शब्द विसरले. राउटरवरचा काट्याचा पत्ता पुसला गेला. माझं मशीन ऑफिसच्या मालिकेतलं, ते चालूच राहिलं, म्हणून मला पत्ताही लागला नाही. मी चहाला गेले.

काट्यावरचं वजन ऑफिसच्या मशिनला पोचल्याशिवाय पावती छापली जात नसे. दोन तास एकही पावती निघाली नाही. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रक गेटबाहेर पार रस्त्यापर्यंत तुंबले, बैल जुवाखाली तसेच उभे, गाडीवाले काटावाल्याच्या अंगावर धावून गेले. शेवटी नाना धावत आले, राउटरला काहीतरी विचारलं, स्क्रीनकडे क्षणभर बघत राहिले आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत केलं.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "राउटरला हात कोणी लावला?" असं विचारून उत्तरही स्वतःच दिलं, "दुसरं कोण लावणार? तरी मी म्हणत होतो, वायरमनच्या हातात असल्या गोष्टी देऊ नका." मला कोणी पत्ता टाकायला सांगितलं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं! मी नानांकडे पाहिलं. सगळ्या जगाशी भांडणारा माणूस त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, त्यांना माहीतच नाही. खरं सांगायचं तर तसं वाटून मला हायसं वाटलं.

यादीतून त्यांचं नाव कापलं गेलं. "हंगाम संपला की पुन्हा येऊ नका," असंही तोंडी सांगण्यात आलं.

शेवटच्या दिवशी ते केबलच्या खोलीच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आले. मी काहीतरी गुळमुळीत बोलायला लागले, तर म्हणाले, "राहू द्या. राउटर लिहून ठेवतो, कुठल्या मशिनवरनं कोणी हात घातला ते. तुमच्या मशिनचा पत्ता हुता. मी त्याच दिवशी वाचला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, नाना?"

"माझं कोण ऐकनार हुतं? तुमचं ऐकलं असतं. म्हनलं, आज न्हाई तर उद्या तुमी सोताहून बोलाल. हंगाम संपस्तोवर वाट बघितली."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि साहेब आत बसलेले दिसत होते. माझ्या टेबलापासून पंधरा पावलं असतील. माझी कायमची ऑर्डर त्यांच्याकडे सहीला पडली होती.

मी नानांच्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि वहीत त्या मिळाल्याची सही केली.