पाचवी पोहणारी

टोकियोच्या एदोगावा भागातल्या एका छोट्या खासगी कॉलेजने २००६ साली पोहण्याचा क्लब बंद करायला घेतला. मुलं सगळी कॉम्प्युटरकडे वळलेली, क्लबात उरले चौघे. नियम मात्र पाच जणांचा. शिवाय पाचही जणांनी जूनच्या स्पर्धेत एकेक शर्यत पुरी केली पाहिजे, तरच क्लब पुढच्या वर्षी राहणार.

विभाला हे सांगितलं क्लबची कॅप्टन मोरी-सानने. विभा अडतीस वर्षांची. नवरा देवदत्त कावासाकीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत, आणि ती या कॉलेजात जपानी भाषेचा कोर्स करत होती. वर्ग सुटला की ती पोहण्याच्या तलावाकाठच्या बाकावर बसे आणि मोरी तिच्या गृहपाठातल्या चुका काढे. बाकी सगळीकडे विभा म्हणजे देवदत्त-सानची बायको नाहीतर ईश्वरीची आई. इथली पोरं तेवढी तिला नावाने हाक मारत. एवढ्यासाठी कुणी जीव टाकतं का, असं विचारणाऱ्याने परदेशात दोन वर्षं नुसता डबा भरून बघावा.

"मीही कॉलेजची विद्यार्थिनीच आहे. लिही माझं नाव," विभा म्हणाली.

"पोहता येतं?" मोरीने विचारलं.

"विहिरीत येतं."

ते खरंच होतं. सांगलीजवळच्या आजोळी मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिला विहिरीत ढकललं होतं, आणि चौथ्या दिवशी डबाही सोडला होता.

घरी देवदत्त म्हणाला, "अगं, चाळिशी आली. हातपाय मोडून घेशील."

"पाण्यात कुणाचे हातपाय मोडलेत आजवर?"

दहा वर्षांच्या ईश्वरीने जपानीत काहीतरी पुटपुटलं. आईची तिला लाज वाटत होती, हे समजायला कोर्सची गरज नव्हती. तरी रविवारी सरावाला ती यायची आणि बाकावर वही उघडून बसायची.

दोन महिने मोरीने जंग जंग पछाडलं, पण विभाचं डोकं काही पाण्यात जाईना. हनुवटी वर, तोंड मिटलेलं, हात सपासप. शेवटी मोरीने नियमांचं पुस्तक काढलं. फ्रीस्टाइलमध्ये कसंही पोहलेलं चालतं. मग काय, विहिरीची पद्धत कायम झाली.

स्पर्धेच्या दिवशी पन्नास मीटरच्या शर्यतीची शिट्टी झाली. विभाने उडी कसली, पाण्यात धपकन बसकणच मारली आणि निघाली. पंचवीस मीटर गेले आणि भिंत आली. तिथे तिने घोळ घातला. विहिरीच्या कपारीत विरोळे साप असतात, म्हणून भिंतीला हात लावायचा नाही, हे मामाने तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. त्यामुळे भिंतीपासून हातभर अलीकडेच ती झोकात वळली. हात लागला नाही तर शर्यत बाद, आणि शर्यत बाद तर क्लब बाद. मोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आई, भिंत! मागे जा, भिंतीला हात लाव!" गॅलरीतून ईश्वरी ओरडली. चारशे माणसांत, अस्सल मराठीत.

विभा मागे गेली, भिंतीवर सणसणीत चापट मारली आणि पुन्हा निघाली. बाकीच्या मुली कधीच बाहेर येऊन अंग पुसत होत्या. सगळी गॅलरी तालात टाळ्या वाजवू लागली. दोन मिनिटं चार सेकंद. तिच्यामागे कुणीच नव्हतं, पण शर्यत पुरी झाली होती. विभा काठ धरून भोकाड पसरून रडली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

क्लब राहिला. पुढच्या एप्रिलमध्ये तीन नव्या मुली आल्या. मोरीने कमरेत वाकून सांगितलं, "विभा-सान, तुम्हाला फार त्रास दिला. आता संख्या पुरी आहे, तुम्ही मोकळ्या झालात."

विभाला ते चांगलंच लागलं. ती पिशवीतून टोपी काढून डोक्यावर चढवू लागली.

"मोकळी होऊन जाऊ कुठे? डोकं पाण्यात घालायचं अजून राहिलंय. चल, शिकव."